फर्नांदला सरदार कोणी केले?

अलेक्सांद्र द्युमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’वरचा २०२४ सालचा फ्रेंच चित्रपट पाहून लोक बाहेर पडतात आणि वाद ठरलेल्या रस्त्याला लागतो. एक गट यादी काढतो: न्वार्तिए कुठे गेला, वालांतीन कुठे गेली, रोमचा कार्निव्हल गाळला, लुईजी वाम्पा आणि त्याचे दरोडेखोर गाळले, म्हणजे कादंबरीचा मुडदा पाडला. दुसरा गट खांदे उडवतो. पुस्तक वेगळे, सिनेमा वेगळा. तीन तास डोळ्यांचे पारणे फिटले ना, मग कुरकुर कसली? पहिल्यांच्या लेखी दिग्दर्शक म्हणजे हिशेबनीस आणि दुसऱ्यांच्या लेखी प्रेक्षक म्हणजे पंगतीतला पाहुणा, पानात पडेल ते गोड मानून घेणारा. मला दोघांचेही पटत नाही. कापाकापीचा हक्क चित्रपटाला पुरेपूर आहे आणि मातिए देलापोर्त व अलेक्सांद्र द ला पातेलिएर या लेखक-दिग्दर्शक जोडीने तो बहुतेक जागी अक्कलहुशारीने वापरला आहे. पण एका जागी त्यांनी कापले काहीच नाही, उलटे मात्र केले. कथा एदमों दांतेस या खलाशाची: फर्नांद, दांग्लार आणि विलफोर हे तिघे त्या निरपराधाला तुरुंगात गाडतात, तो सुटतो, खजिना मिळवतो आणि काउंट बनून सूड घ्यायला परततो. त्या तिघांतला फर्नांद कादंबरीत कॅटलान कोळी, त्याला त्यांनी जन्मजात सरदारपुत्र करून टाकला. यादीवाल्यांच्या हे खिजगणतीतही नाही, कारण फर्नांद पडद्यावर आहे, त्याच्या नावापुढे बरोबरची खूण झालेली आहे. कादंबरीचा कणा कुठे मोडला असेल तर तो तिथे, आणि भांडायचेच असेल तर त्यावर भांडावे.

आधी कापाकापीचे मिटवू. मूळ कादंबरी ११७ प्रकरणांची. पॅरिसच्या ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकात ती ऑगस्ट १८४४पासून जानेवारी १८४६पर्यंत क्रमशः छापून येत होती. एवढा ऐवज १७८ मिनिटांत जसाच्या तसा बसवा म्हणणाऱ्याने एकदा कागद-पेन घेऊन स्वतः बसून पाहावे. पण लांबीचा बचाव मला लंगडा वाटतो. त्याहून भक्कम साक्षीदार आहे तो खुद्द द्युमा. कादंबरी संपून जेमतेम दोन वर्षे होतात तोच, फेब्रुवारी १८४८मध्ये, त्याने स्वतःच्या ‘तेआत्र इस्तोरिक’मध्ये तिचे नाटक लावले; एकच गोष्ट, सलग दोन रात्री. तरी ती पुरी होईना, म्हणून १८५१मध्ये आणखी दोन नाटके आली, एक मोर्सेर्फचे, म्हणजे फर्नांदचे, आणि एक विलफोरचे. काय ठेवायचे, काय टाकायचे, कोणाची गोष्ट वेगळी काढायची, हे निर्णय बापानेच आधी घेतले होते. तोही एकटा बाप नव्हे. आराखड्यात ओग्युस्त माके या सहकाऱ्याचा हात होता. माके पुढे कोर्टात गेला, १८५८ साली त्याला पैसे मंजूर झाले, सहलेखक म्हणून नाव काही मिळाले नाही. कथेचे बीजही उसने, पॅरिस पोलिसांचे दप्तर सांभाळलेल्या झाक प्यूशेच्या लिखाणातून घेतलेले. आणि इतिहासाशी इमान म्हणाल तर ग्रीसमधल्या यानिनाचा सत्ताधीश अली पाशा जानेवारी १८२२मध्ये मारला गेला, फ्रेंच फौजा स्पेनमध्ये शिरल्या १८२३मध्ये. कादंबरीत मात्र फर्नांद आधी स्पेन गाजवतो आणि मग पाशाच्या चाकरीत जातो. पावणेदोनशे वर्षांत कोणाचे काही अडले नाही.

आपल्याकडच्या वाचकाने तर या बाबतीत सोवळे पाळू नयेच. कोठडीत दांतेसला भाषा, गणित आणि इतिहास शिकवणारा आबे फारिया ज्याच्या नावावर उभा आहे, तो जोझे कुस्तोदियो द फारिया बार्देशातल्या कांदोळीचा, जन्म १७५६चा. पोरवयात बापाबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला, १७८८मध्ये पॅरिसला पोचला आणि पाठोपाठ राज्यक्रांतीच त्याच्या दारात आली. पुढे मार्सेय आणि नीममध्ये त्याने शिकवले. १८१३पासून पॅरिसमध्ये तो संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागला. ती झोप कुठल्याशा चुंबकी द्रवाने येत नाही, झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते, असे तो सांगत होता. १८१९मध्ये तो वारला, त्याच वर्षी त्याचा ग्रंथ निघाला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला त्याचा पुतळा आहे, पुढ्यातल्या बाईवर दोन्ही हात रोखलेला. या गोंयकाराचे द्युमाने काय केले? त्याला इटालियन केले, हातात खजिन्याची अर्धवट जळालेली चिठ्ठी दिली आणि शातो दिफच्या तुरुंगातल्या तळघरात कोंडून मारले. नव्या चित्रपटात ही भूमिका पिएरफ्रान्चेस्को फाविनो या इटालियन नटाने केली आहे, म्हणजे चित्रपट इथे कादंबरीशी अगदी प्रामाणिक राहून कांदोळीशी बेइमान झाला. इमानाचाच काटा लावायचा तर पहिला आरोपी लेखक ठरतो.

तेव्हा किती गाळले हा प्रश्न गौण. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात आणि तिथून मराठीत आले. वाटेत माणसांची नावे, देश, धर्म, पेहराव सगळे बदलले, वर पदे चढली. तरी मोलिएरचा ठेवा हरवला असे कोणी म्हणत नाही, कारण नाटक ज्यावर चालते तो बिनबुडाचा संशय शाबूत राहिला. मॉन्टे क्रिस्टो कशावर चालते, ते आधी ठरवले पाहिजे.

पडद्यावर वेळ वाढवला की हे आपोआप साधते, अशीही एक समजूत आहे. ‘याची मालिकाच व्हायला हवी होती’ हे वाक्य हमखास ऐकू येते. पण मालिका तर होऊन गेल्या. १९९८मध्ये जेरार दपार्द्युला घेऊन फ्रेंच दूरचित्रवाणीने चार मोठ्या भागांत ही कथा केली, आणि शेवटी काउंटला त्याच्या जुन्या वाग्दत्त वधूच्या, मेर्सेदेसच्या, मिठीत नेऊन सोडले. द्युमाने जे दार कायमचे बंद केले होते ते इतके तास हाताशी असूनही उघडले गेले. २००२च्या हॉलिवूडपटाने त्याच्या पुढची मजल मारली: मेर्सेदेस आणि फर्नांदचा मुलगा अल्बेर हा दांतेसचाच निघतो, फर्नांद तलवारीने मरतो, आई-बाप-लेक असे तिघांचे कुटुंब सुखाने नांदू लागते. चौदा वर्षांचा तुरुंगवास, हातून गेलेले तारुण्य, दुसऱ्याशी संसार थाटून बसलेली मेर्सेदेस, या सगळ्याची भरपाई करून मिळते असे ज्याला वाटते त्याने या कादंबरीच्या वाटेला जाऊच नये. त्या मानाने २०२४चा चित्रपट खूपच धीट आहे. पिएर निनेचा काउंट शेवटी कोणाचाच होत नाही, अली पाशाची मुलगी हैदे हिचाही नाही. द्युमाने हैदेला काउंटच्या पदरात टाकले होते. विकत घेतलेल्या, मुलीसारख्या वाढवलेल्या पोरीला. चित्रपटात ती अल्बेरबरोबर जाते. इथे पटकथेने द्युमाची चूक दुरुस्त केली असे मी बेलाशक म्हणेन.

यादीवाल्यांचे एक दुखणे मात्र खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. न्वार्तिए गेल्याने तोटा झाला. विलफोरचा हा म्हातारा बाप, एके काळचा कडवा बोनापार्टवादी, अर्धांगाने खुर्चीला खिळलेला. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. डोळे तेवढे उरले. पापण्या एकदा मिटल्या की ‘हो’, लागोपाठ मिटल्या की ‘नाही’. नात वालांतीन मुळाक्षरे म्हणत जाते, नेमक्या अक्षरावर तो थांबवतो, मग शब्दकोशाच्या रकान्यांवरून बोट फिरते आणि शब्द सापडतो. या पद्धतीने हा म्हातारा नोटरीला बोलावून, मुलाच्या नाकावर टिच्चून, आपले मृत्युपत्र करतो. सिनेमा या माध्यमासाठीच जणू लिहून ठेवलेला प्रसंग! तो हातचा जाऊ दिल्याबद्दल कोणी हळहळले तर मी त्यांच्या बाजूचा. पण हळहळ वेगळी आणि आरोप वेगळा. न्वार्तिएशिवायही विलफोरचे पाप उभे राहते: घरातला बोनापार्टवाद लपवण्यासाठी निरपराध माणसाला गाडणारा सरकारी वकील. चित्रपटाने बापाच्या जागी बहीण आणली, आंजेल. समुद्रात बुडता बुडता दांतेसच तिला वाचवतो. माणूस बदलला तरी पाप तेच राहिले.

त्याहून गंभीर आक्षेप एदुआरचा. कादंबरीत विलफोरची दुसरी बायको विषप्रयोग करत सुटते आणि शेवटी आपल्या लहानग्या मुलाला, एदुआरला, मारून स्वतः मरते. त्या पोराचे प्रेत पाहिल्यावर काउंटचा पाय पहिल्यांदा डळमळतो. तोवर तो स्वतःला देवाने नेमलेला हात समजत असतो. देव माझ्या बाजूने आहे असे आता आपल्याला म्हणता येणार नाही, हे त्याला तिथे कळते. हा प्रसंग काढला तर सूडकथेला लगाम राहत नाही, असे आक्षेपक म्हणतात, आणि तत्त्वतः ते बरोबर आहेत. पण पडद्यावर नीट पाहा. एदुआरचे काम चित्रपटाने आंद्रेवर सोपवले आहे. विलफोरने जन्मतःच पुरायला काढलेला हा अनौरस मुलगा, त्याला काउंटने जवळ केले, घडवले, आणि हत्यारासारखी धार लावली. तो बापाचा जीव घेतो आणि स्वतःही जिवाला मुकतो. एदुआरच्या मरणात काउंटचा हात लांबून लागलेला होता. विषाची चर्चा त्याने केली, बाटली बाईने उचलली. आंद्रेच्या बाबतीत असा आडपडदा उरत नाही. ज्या पोरावर आधीच अन्याय झाला होता त्याला दुसऱ्यांदा वापरून घेतले, आणि ते काउंटने वापरून घेतले. सूड घेणाऱ्याच्या आत्म्याचे काय होते, हा कादंबरीचा एक प्रश्न चित्रपटाने नुसता जपला नाही, जास्त टोकदार केला.

एक प्रश्न. कादंबरीत दोन आहेत. दुसरा असा: दांतेसला गाडणारी माणसे वर कशी गेली?

फर्नांदचेच बघा. मार्सेयच्या कडेला कॅटलान कोळ्यांची वस्ती, तिथला तो तरुण. ज्या मेर्सेदेसवर त्याचा जीव आहे ती त्याची चुलतबहीण, तीही आईबापांवेगळी, जाळी विणून पोट भरणारी. दांतेस खलाशी, त्याचा बाप एका खोलीत राहणारा, उपाशी मरणारा म्हातारा. सगळे एकाच थरातले. दांतेस बोनापार्टवाद्यांचा हस्तक असल्याचे निनावी पत्र डाव्या हाताने लिहितो दांग्लार, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून. ते ‘रेझर्व’ खाणावळीच्या मांडवात चोळामोळा करून टाकले जाते आणि उचलून टपालात टाकतो फर्नांद. शेजारचा शिंपी कादरूस दारूच्या अमलात सगळे बघत असतो आणि नंतर शुद्धीवर आल्यावरही तोंड उघडत नाही. तिथून पुढे फर्नांदची चढण सुरू होते. लिन्यीच्या लढाईनंतरच्या रात्री तो शत्रूशी संधान बांधलेल्या सेनापतीबरोबर पळून जातो. नेपोलियन टिकला असता तर त्याला गोळी घातली गेली असती. बूर्बों राजघराणे परत आले म्हणून त्याला बढती मिळाली. स्पेनच्या मोहिमेत फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या डोंगरवाटांनी आपली पलटण नेऊन तो आणखी वर चढतो, काउंट होतो. मग अली पाशाची चाकरी, त्याच्याशी दगाबाजी, त्याच्या बायको-मुलीची विक्री. आणि १८३८च्या पॅरिसमध्ये हाच इसम वरिष्ठ सभागृहात खुर्ची अडवून बसलेला लेफ्टनंट जनरल मोर्सेर्फ आहे. दांग्लार सैन्याला माल पुरवता पुरवता बँकर आणि बॅरन झाला. विलफोर एका राजवटीत सरकारी वकील होता, राजवट उलटली तरी खुर्ची सुटली नाही. १८१५ ते १८३० या पंधरा वर्षांत फ्रान्समध्ये तीनदा सत्तापालट झाला आणि प्रत्येक खेपेला ही माणसे एकेक पायरी वर सरकली.

चित्रपटातला फर्नांद मुळातच ‘द मोर्सेर्फ’ आहे. घर आहे, घराणे आहे, दांतेसचा बाप त्याच घरचा नोकर. तो वर जात नाही, तो वरच होता. गरीब खलाशाने सरदारांच्या घरातल्या मुलीवर नजर टाकली, सरदाराने त्याला चिरडला. गोष्ट चालते, डोळ्यांत पाणीही येते. पण ही गोष्ट हजारदा पाहिलेली आहे आणि तिच्यात प्रेक्षकाला कुठेच टोचत नाही. आजच्या फ्रान्समध्ये वंशपरंपरागत सरदार हा सर्वात सोयीचा खलनायक, कारण तो प्रेक्षागृहात बसलेला नसतो. द्युमाचा फर्नांद तिथे बसलेला असतो. तो आपल्या वस्तीतला आहे, आपल्या ताटात जेवलेला आहे, आणि वारा फिरला की त्याच्याबरोबर फिरणारा आहे. या दोघांना एकच पात्र म्हणायचे, केवळ नाव सारखे आहे म्हणून?

पटकथेच्या बाजूने जे म्हणता येईल ते पोकळ नाही. एक, कोळ्याचा उमराव कसा झाला हे दाखवायचे तर लिन्यी, स्पेन, यानिना असे तीन प्रदेश आणि तीन युद्धे उभी करावी लागतील. पैसा आणि वेळ कुठून आणायचा? दोन, आजच्या प्रेक्षकाला बूर्बों कोण, ओर्लेआं कोण, नेपोलियनचे शंभर दिवस म्हणजे काय, हे माहीत नसते. जहागीरदार आणि नोकर म्हटले की सगळ्यांना कळते. तीन, फर्नांदला दांतेसचा जिवलग मित्र केल्याने दगा जास्त जिव्हारी लागतो. कादंबरीत तो पहिल्या भेटीपासून दावेदार आहे, मित्र कधीच नव्हता.

पहिल्याचे उत्तर कादंबरीतच आहे. द्युमाने यातले एकही युद्ध दाखवलेले नाही. रस्त्यालगत ‘पों द्यू गार’ नावाची एक भिकारलेली खाणावळ, तिथे कर्जाने बुडालेला कादरूस, आणि पाद्र्याच्या वेषात आलेला दांतेस त्याच्यासमोर हिरा ठेवतो. हिऱ्याच्या लोभाने कादरूस सांगू लागतो: कोणाचे काय झाले, कोण कुठे पोचले. टेबल, दोन माणसे, एक हिरा. दांतेस ऐकत असतो आणि घाम पुसत असतो. याला किती खर्च येतो? चार कोटी युरोंच्या वर खर्च झालेल्या चित्रपटात, ज्यात मुखवट्यांना, घोड्यांना आणि उंचावरून टिपलेल्या किनाऱ्यांना सढळ हाताने मिनिटे दिली आहेत, त्यात पाच मिनिटांचे एक संभाषण मावत नव्हते हे मला पटत नाही. तिसऱ्याचे उत्तर प्यूशेच्या नोंदीत सापडते. तिच्यातला पिको नावाचा तरुण चांभार १८०७मध्ये एका पैसेवाल्या मुलीशी लग्न ठरल्याची बातमी घेऊन मित्राच्या कॅफेत येतो, आणि मित्रच त्याच्यावर इंग्रजांचा हेर असल्याचा आळ घेतात. सगळे नीमचेच, कालपर्यंत एकत्र उठबस असलेले. पुढे कॅफेवाला त्याच मुलीशी लग्न करतो. जिवलग मित्राचा दगा हवा होता तर बीजातच होता, आणि तो बरोबरीच्यांमधला होता. मैत्री घेण्यासाठी घराणे चिकटवायची गरज नव्हती.

दुसरा मुद्दा, प्रेक्षकाला इतिहास कळत नाही हा, मला सगळ्यात जास्त खटकतो. १८४४च्या वाचकाला तरी काय सांगावे लागत होते? राजवट बदलली की कालचा देशद्रोही आज पदक मिळवतो, हे कळायला ओर्लेआं घराण्याची वंशावळ पाठ असावी लागत नाही. कुठल्याही देशातला, कुठल्याही वयाचा वर्तमानपत्र वाचणारा माणूस हे अर्ध्या वाक्यात ओळखतो. हा चित्रपट फ्रान्समध्ये २८ जून २०२४ला लागला. दोनच दिवसांनी तिथल्या मुदतपूर्व संसदीय निवडणुकीची पहिली फेरी झाली. ९० लाखांहून जास्त तिकिटे खपली. त्या उन्हाळ्यात कोण कोणाच्या गोटात गेले याची चर्चा करत रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना पक्ष फिरवून मोठा झालेला फर्नांद कळला नसता, असे म्हणणे म्हणजे त्यांना बिनडोक समजणे.

आणि फर्नांद एकदा सरदार झाला की सूडाची रीतही बदलते, ती बदलावीच लागते. कादंबरीत काउंट तलवार उपसत नाही. फर्नांद ज्या सभागृहात मिरवतो तिथेच हैदे उभी राहून साक्ष देते. आधी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी, मग चौकशी समिती, मग भर सभेत बेअब्रू. द्वंद्वाचे आव्हान घेऊन आलेला फर्नांद काउंटला खलाशाच्या वेषात पाहतो, ओळखतो आणि पळत घरी जातो. बायको-मुलगा घर सोडून निघालेले असतात, तो स्वतःला गोळी घालतो. चित्रपटात त्याऐवजी तलवारींची झुंज आहे. उत्तम वठलेली आहे, काउंट शेवटी त्याला जिवंत सोडतो हेही चांगले. पण तलवार हे सरदारांचे हत्यार. नव्या पैसेवाल्यांना मारायला द्युमाने नवी हत्यारे वापरली होती: बँकेची अमर्याद पत, वर्तमानपत्र, न्यायालय आणि टेलिग्राफ.

त्या टेलिग्राफचे प्रकरण मी कोणालाही मधूनच उघडून वाचायला देईन. विजेची तार अजून यायची होती. क्लोद शाप या फ्रेंच संशोधकाच्या पद्धतीने डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यांवर लाकडी हात हलत, पुढचा मनोरा दुर्बिणीतून पाहून तसेच हात हलवी, आणि सरकारचा निरोप तासाभरात देशाच्या टोकाला जाई. काउंट मोंलेरीच्या मनोऱ्यावर जातो. तिथला कारकून वर्षाला १,००० फ्रँक कमावतो, निरोपाचा अर्थ त्याला स्वतःला कळत नाही, आणि त्याचा जीव गुंतला आहे तो मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या वीतभर बागेत, जिथली फळे उंदरासारखे प्राणी खाऊन जातात. काउंट त्याच्यापुढे २५,००० फ्रँक ठेवतो आणि हिशेब मांडून दाखवतो: ५,०००मध्ये घर आणि जमीन, उरलेल्या २०,०००चे व्याज वर्षाला १,०००. पगाराइतकेच, आणि बाग मोठी. म्हातारा घामाघूम होतो, पण तीन खोटे इशारे पुढे पाठवतो. स्पेनमध्ये गडबड उडाल्याची बातमी पॅरिसला पोचते, दांग्लार घाबरून स्पॅनिश कर्जरोखे विकून टाकतो, दुसऱ्या दिवशी बातमी खोटी ठरते, भाव चढतात. सैतान माणसाला कसा विकत घेतो हे इतक्या प्रेमाने क्वचितच कोणी लिहिले असेल. कल्पनेचे उड्डाण म्हणून ते सोडूनही देता येत नाही. बोर्दोच्या ब्लां बंधूंनी १८३४ ते १८३६ या काळात तूरच्या टेलिग्राफ कर्मचाऱ्याला लाच देऊन सरकारी निरोपांत बाजारभावाचे इशारे घुसडले होते. १८३७मध्ये खटला झाला, पण अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता म्हणून ते सुटले. त्यातला फ्रांस्वा ब्लां पुढे मोंते कार्लोच्या कॅसिनोचा मालक म्हणून गाजला.

वाम्पा गाळला याचे दुःख मला यासाठी आहे, नुसता दरोडेखोर गेला म्हणून नव्हे. पळून गेलेला दांग्लार त्याच्या हाती सापडतो आणि भुयारात कोंडला जातो. जेवण मागितले की मिळते, फक्त भाव दरोडेखोरांचा: एका कोंबडीला १,००,००० फ्रँक. बँकर घासाघीस करतो, उपाशी राहून पाहतो, शेवटी धनादेश फाडतो. रुग्णालयांचे ५० लाख लांबवून आलेल्या माणसाला याहून नेमकी शिक्षा कुठली? शेवटी ५०,००० फ्रँक देऊन त्याला सोडून दिले जाते, तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतात.

हे सगळे द्युमाला कुठल्या ग्रंथात शोधावे लागले नव्हते. त्याचा बाप तोमा-अलेक्सांद्र हा सँ-दोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलाम आई आणि खानदानी फ्रेंच बाप यांच्या पोटी जन्मला, क्रांतीच्या सैन्यात जनरल झाला. १७९९मध्ये दक्षिण इटलीत पकडला गेला, दोन वर्षे कैदेत राहून खंगून परतला, तोवर पॅरिसमध्ये नेपोलियनची सत्ता आली होती आणि त्याला हा जनरल नको होता. १८०६मध्ये तो गेला तेव्हा द्युमा चार वर्षांचाही नव्हता. आईला निवृत्तिवेतन मिळाले नाही. वारा फिरला तेव्हा कोण बुडाले आणि कोण तरंगले, हा त्या घरातला रोजचा विषय असणार.

शेवटी एकच बचाव उरतो, धंद्याचा: असा चित्रपट केला असता तर तो चालला असता का? लोक घोडे, मुखवटे आणि तलवारी बघायला येतात, बँकर-वकील-खासदारांची चढण बघायला येत नाहीत. याला कादंबरीचा स्वतःचा धंदा हेच उत्तर आहे. ‘जुर्नाल दे देबा’ हे विरोधकांचे पत्र नव्हते. ते लुई-फिलिपच्या राजवटीची तळी उचलणारे, प्रतिष्ठित लोकांच्या घरी जाणारे दैनिक होते. त्याची वर्गणी भरणाऱ्यांत बँकर होते, सरकारी वकील होते, सभागृहातले उमराव होते. पहिल्या पानाच्या वरच्या भागात सरकारचे गुणगान आणि खाली द्युमाची कादंबरी, अशा त्या अंकांत त्यांनी आपल्यासारखीच माणसे कशी मोठी झाली ते दीड वर्ष वाचले, आणि पुढचा अंक मागितला.